वाचकांचे प्रश्न : तार कोणाची, वीज कोणाची?

गेल्या अंकात वीज एक्स्चेंजमध्ये रोज होणाऱ्या लिलावाची माहिती दिली होती. दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे 96 भाग पाडले जातात, प्रत्येक भागासाठी विकणारे आणि घेणारे आपापले भाव व प्रमाण कळवतात, आणि मागणी-पुरवठा जिथे जुळतो तो भाव सर्वांना लागू होतो, एवढाच त्या लेखाचा आशय होता. त्यावर आलेल्या पत्रांतील बहुतेक प्रश्न मात्र भावाविषयी नसून तारांविषयी आहेत. त्यांतील निवडक प्रश्न, सारख्या आशयाचे एकत्र करून, येथे घेतले आहेत.

प्रश्न : 2005 साली वीज मंडळाचे तुकडे करून कंपन्या केल्या. पूर्वी निदान तक्रार कुठे करायची ते कळत होते. बिल तर कमी झालेच नाही. निर्मिती आणि पारेषण (उच्चदाब तारांवरून वीज वाहून नेणे) वेगळे करून आमच्यासारख्या यंत्रमागधारकाला काय मिळाले? (यंत्रमाग व्यावसायिक, इचलकरंजी)

उत्तर : आपल्या प्रश्नातला राग समजण्यासारखा आहे, आणि बिलाच्या बाबतीत तो बराचसा रास्तही आहे. पण हे वेगळेपण बिल कमी करण्यासाठी आणलेले नव्हते, त्यामागचे कारण निराळे आहे.

विजेच्या व्यवसायात दोन वेगळ्या जातीची कामे एकत्र नांदत आली. वीज तयार करणे हे अनेकांना जमणारे काम आहे. कोळशाचे केंद्र, धरणाच्या पायथ्याचे जलविद्युत केंद्र, माळावरच्या पवनचक्क्या यांच्यात भावाची चुरस लावता येते आणि ज्याची वीज महाग त्याचा संच बंद ठेवता येतो. उच्चदाब वाहिनीचे तसे नाही. चंद्रपूरहून पडघ्याला वीज आणणारी 752 किलोमीटर लांबीची एकदिश (डीसी) प्रवाहाची वाहिनी 1999 पासून उभी आहे. तिच्या शेजारून केवळ स्पर्धा म्हणून दुसऱ्या कंपनीने तशीच वाहिनी टाकावी असे कोणी सुचवणार नाही, कारण दोन्ही वाहिन्यांचा खर्च शेवटी त्याच ग्राहकांच्या माथी बसेल आणि मनोऱ्यांसाठी शेतकऱ्यांच्या जमिनी दुसऱ्यांदा लागतील. त्यामुळे निर्मितीत स्पर्धा आणि पारेषणात नियामक आयोगाच्या देखरेखीखालची मक्तेदारी, अशी विभागणी जवळजवळ सर्वत्र स्वीकारली गेली.

मक्तेदारी असलेल्या तारेचा मालक स्वतःही वीज विकत असेल तर काय होते, हे बाजार समितीत माल नेणाऱ्याला वेगळे सांगायला नको. काटा ज्याच्या हातात आहे त्याचाच माल त्याच आवारात विकायला आला, की मापावरचा विश्वास उडतो. मग माप खरे असले तरी. तारेच्या मालकाला प्रतिस्पर्ध्याला तोंडावर नाही म्हणण्याची गरजही पडत नाही. उपकेंद्रात जोडणीला जागा नाही असे कळवता येते, अभ्यास सुरू असल्याचे वर्षभर सांगता येते, वाहिनीची शिल्लक क्षमता थोडी कमी दाखवता येते, किंवा प्रतिस्पर्ध्याचा संच जोरात चालण्याच्या दिवसांतच त्या वाहिनीची देखभाल काढता येते. यातली प्रत्येक गोष्ट तांत्रिक कारणासाठीही घडते, आणि म्हणूनच हेतू सिद्ध करणे कठीण जाते.

अमेरिकेत हा प्रकार उघडपणे घडला होता. मिनेसोटा आणि डाकोटा भागातील ऑटर टेल पॉवर ही कंपनी लहान गावांना वीज पुरवत असे. करार संपल्यावर एल्बो लेकसारख्या गावांनी स्वतःची वितरण व्यवस्था उभारून दुसरीकडून वीज घ्यायचे ठरवले, तेव्हा कंपनीने ती वीज आपल्या तारांवरून वाहून नेण्यास नकार दिला. गावाकडे खांब, तारा, ग्राहक सर्व काही असून उपयोग नव्हता, कारण गावापर्यंत येणारी उच्चदाब तार प्रतिस्पर्ध्याची होती. 1973 साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने निकाल कंपनीच्या विरोधात दिला.

यावरचा सर्वांत गाजलेला उपाय इंग्लंड आणि वेल्समध्ये झाला. तेथील केंद्रीय वीजनिर्मिती मंडळाचे 1990 साली चार भाग केले गेले. नॅशनल पॉवर, पॉवरजेन आणि न्यूक्लिअर इलेक्ट्रिक या तीन निर्मिती कंपन्या झाल्या, आणि उच्चदाब जाळे नॅशनल ग्रिड या चौथ्या कंपनीकडे गेले. गंमत अशी की त्या नॅशनल ग्रिडकडेही वेल्समधील डिनोर्विग आणि फेस्टिनियॉग ही पाणी वर चढवून साठवणारी जलविद्युत केंद्रे काही वर्षे राहिलीच होती. ती 1995 मध्ये विकली गेली. नॉर्वेनेही 1992 साली सरकारी वीजसंस्थेचे दोन भाग करून निर्मिती स्टॅटक्राफ्टकडे आणि जाळे स्टॅटनेटकडे दिले. तेथे दोन्ही संस्था सरकारीच राहिल्या, हे मुद्दाम सांगतो, कारण आपल्याकडे वेगळे करणे म्हणजे खासगीकरण असा समज सरसकट पसरलेला आहे.

भारतातही केंद्र सरकारच्या पातळीवर हे काम बाजार सुरू होण्याच्या कितीतरी आधी झाले. एनटीपीसी, एनएचपीसी आदी केंद्रीय निर्मिती कंपन्यांच्या वाहिन्या एप्रिल 1992 पासून एका स्वतंत्र कंपनीकडे, म्हणजे आजच्या पॉवरग्रिडकडे, सोपवल्या गेल्या. राज्यांत ओडिशाने 1996 मध्ये पहिले पाऊल टाकले. पुढे 2003 च्या वीज कायद्याने राज्य वीज मंडळांच्या पुनर्रचनेची चौकट घातली, निर्मिती परवानामुक्त केली आणि पारेषण परवानाधारकाला विजेचा व्यापार करण्यास मनाई केली. त्या कायद्यानुसार 6 जून 2005 रोजी महाराष्ट्र राज्य वीज मंडळातून महानिर्मिती, महापारेषण आणि महावितरण या कंपन्या अस्तित्वात आल्या. तिन्ही कंपन्यांचे समभाग मात्र एकाच सूत्रधारी कंपनीकडे, आणि ती राज्य सरकारकडे. हिशेब वेगळे झाले, कार्यालयावरच्या पाट्या बदलल्या, पण घर एकच राहिले.

आता आपल्या बिलाकडे वळू. वितरण कंपनीच्या खर्चातला सर्वांत मोठा वाटा वीजखरेदीचा असतो. पारेषणाचा खर्च त्या मानाने लहान असतो. त्यामुळे तारेचे व्यवस्थापन कितीही निःपक्ष झाले तरी त्याचा परिणाम बिलात थेट दिसत नाही. तो दिसायचा तर खरेदीत चुरस झाल्याने दिसेल, आणि महावितरणची बरीचशी खरेदी दीर्घ मुदतीच्या करारांनी आधीच बांधलेली आहे. 2005 च्या विभाजनाने वीज स्वस्त होईल असे त्या वेळी ज्यांनी सांगितले, त्यांनी जास्तच सांगितले असे माझे मत आहे.

प्रश्न : खुल्या बाजारातून वीज घेणाऱ्या कारखान्याला विकणाऱ्याच्याच केंद्रातली वीज मिळते का? (निवृत्त शिक्षिका, सातारा)

उत्तर : नाही. जाळ्यात शिरलेली वीज करार पाहून वाट निवडत नाही. तारांच्या विद्युत गुणधर्मांनुसार सर्व उपलब्ध वाटांनी वाहते. साताऱ्याच्या कारखान्यात कोयनेची वीज जास्त येत असेल आणि करार मात्र मराठवाड्यातल्या सौर प्रकल्पाशी असेल. विकणाऱ्याने किती घातली आणि घेणाऱ्याने किती काढली याचा पंधरा मिनिटांगणिक हिशेब मांडला जातो आणि तफावतीचे पैसे वेगळे चुकते होतात. हा हिशेब मांडणारा तटस्थ हवा, हे त्यावरून ओघानेच येते.

प्रश्न : आमच्या जिल्ह्यातून रायचूरला गेलेल्या वाहिनीमुळे सारा देश एका ग्रिडमध्ये आला, असे वाचले होते. त्याचा वीजबाजाराशी आणि पारेषण वेगळे असण्याशी काय संबंध? (शेतकरी वाचक, दक्षिण सोलापूर)

उत्तर : फारच जवळचा संबंध आहे, आणि या विषयातले मर्म समजण्यासाठी आपल्याच जिल्ह्याहून चांगले उदाहरण शोधून सापडणार नाही.

ऑगस्ट 2006 पासून उत्तर, पश्चिम, पूर्व आणि ईशान्य हे चार विभाग एकमेकांशी असे जोडलेले होते की त्यांतील सर्व जनित्रे लेझमीच्या पथकासारखी एकाच ठोक्यावर फिरत. दक्षिण विभागाचा ठोका मात्र वेगळा होता. त्याच्याशी देवघेव होई ती चंद्रपूर जिल्ह्यातल्या भद्रावतीसारख्या ठिकाणी, जिथे प्रत्यावर्ती (एसी) प्रवाहाचे एकदिश प्रवाहात आणि पुन्हा उलट रूपांतर करून 1000 मेगावॉटपर्यंत वीज पलीकडे ढकलता येत असे. अशा मोजक्या दारांतून जाईल तेवढीच वीज दक्षिणेला मिळे. 31 डिसेंबर 2013 रोजी 765 केव्ही (किलोव्होल्ट) दाबाची सोलापूर–रायचूर वाहिनी जोडली गेली आणि पाचही विभाग एका ठोक्यावर आले. एका रात्रीत दार सताड उघडले असे नव्हे; अशी जोडणी झाल्यावरही प्रवाह स्थिरपणे किती वाढवता येईल हे टप्प्याटप्प्यानेच ठरवावे लागते. पण दिशा बदलली.

त्याआधीच्या वर्षांत एक्स्चेंजवर दक्षिणेतल्या खरेदीदाराला बाकीच्या देशापेक्षा पुष्कळ चढा भाव द्यावा लागे. यामागची पद्धत अशी आहे. आधी सर्व देश एकच बाजार मानून भाव काढला जातो. त्या भावाने ठरलेले व्यवहार वाहिन्यांत मावत नसतील तर बाजाराचे विभाग पाडले जातात. तुटवड्याच्या बाजूला भाव चढतो आणि मुबलकतेच्या बाजूला उतरतो. समजा, पश्चिमेत भाव युनिटला 3 रुपये निघाला, दक्षिणेत 7 रुपये, आणि मधल्या वाहिनीत 500 मेगावॉटच जागा आहे. एका तासात 5 लाख युनिट पलीकडे जातील. दक्षिणेचे खरेदीदार त्यांचे 35 लाख रुपये देतील आणि पश्चिमेच्या विक्रेत्यांना 15 लाख मिळतील. मधले 20 लाख रुपये कोणाचे?

हे 20 लाख ना वीज तयार केल्याचे आहेत, ना वाहून नेल्याचे. ते तार अपुरी असल्याचे पैसे आहेत. ते तारेच्या मालकाला मिळू दिले, तर दुसरी तार टाकण्याची त्याला कधीच घाई वाटणार नाही. म्हणून आपल्याकडे ही रक्कम वीज प्रणाली विकास निधीत जमा होते आणि तारेच्या मालकाला तिच्यातले काही मिळत नाही. त्याची कमाई वेगळ्या सूत्राने ठरते. वाहिनी वर्षभरात किती काळ वापरासाठी सज्ज होती एवढेच पाहिले जाते. प्रत्यावर्ती प्रवाहाच्या वाहिन्यांसाठी सज्जता 98 टक्के भरली की ठरलेला आकार पूर्ण मिळतो, मग तिच्यातून वीज भरभरून वाहो की थोडी.

आता तारेच्या मालकाचे दक्षिणेत स्वतःचे वीज केंद्र आहे अशी कल्पना करा. तार जितकी वर्षे रखडेल तितकी वर्षे त्याच्या केंद्राला 7 रुपयांचा भाव मिळत राहील. त्याने काही गैर करण्याचीही गरज नाही. भूसंपादनाच्या फायली थोड्या सावकाश हलल्या तरी पुरे. निर्मिती आणि पारेषण वेगळे ठेवण्याच्या युक्तिवादात जोडणी नाकारण्याचा मुद्दा सहसा आधी मांडला जातो. मला हा दुसरा मुद्दा अधिक वजनदार वाटतो. नाकारलेल्या जोडणीविरुद्ध आयोगाकडे दाद मागता येते, न बांधलेल्या वाहिनीविरुद्ध तक्रार करायला सहसा कोणी पुढे येत नाही. म्हणून कोणत्याही देशातली व्यवस्था तपासताना मी पहिल्यांदा एवढेच पाहतो की तारेच्या टंचाईतून कमाई कोणाची होते.

प्रश्न : तारेची मालकी वेगळी करणे आणि ग्रिड चालवणारी संस्था वेगळी करणे यांत फरक काय? दोन्हींची गरज असते का? (विद्युत अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, ठाणे)

उत्तर : पारेषण या एका शब्दात तीन कामे दडलेली आहेत. तारा आणि उपकेंद्रे बांधून सांभाळणे हे एक. कोणत्या क्षणी कोणत्या केंद्राने किती वीज द्यायची हे सांगून वारंवारिता (वर म्हटलेला ठोका) 50 हर्ट्झच्या आसपास राखणे हे दुसरे. ते भार प्रेषण केंद्र करते. पुढच्या दहा वर्षांत कुठे कोणती वाहिनी लागेल हे ठरवणे हे तिसरे. पक्षपाताची संधी पहिल्या कामात कमी आणि उरलेल्या दोन कामांत जास्त आहे, त्यामुळे केवळ मालकीवर लक्ष ठेवणारे सुधारक अनेकदा चुकीच्या दाराशी पहारा देत बसतात.

युरोपीय संघाने 2009 च्या आपल्या वीजविषयक कायद्यात तीन पर्याय मान्य केले. पहिल्यात जाळ्याची मालकीच पूर्णपणे वेगळी करायची. दुसऱ्यात मालकी निर्मिती कंपनीकडे राहू द्यायची, पण जाळे चालवण्याचे काम स्वतंत्र संस्थेला द्यायचे. तिसऱ्यात मालकी आणि संचालन दोन्ही एकाच उद्योगसमूहात ठेवायचे, मात्र पारेषण कंपनीचे अधिकारी, माहिती आणि गुंतवणुकीचे निर्णय यांभोवती कडक नियमांची भिंत उभारायची. फ्रान्सने आपल्या सरकारी ईडीएफ समूहातील आरटीई या पारेषण कंपनीसाठी हा तिसरा मार्ग घेतला. जर्मनीतल्या ई-ऑन कंपनीचे प्रकरण याच काळातले आहे. तिच्या पारेषण शाखेने ग्रिडचा तोल सांभाळण्यासाठी लागणारी राखीव वीज आपल्याच समूहाच्या निर्मिती शाखेकडून चढ्या खर्चाने घेतली आणि तो खर्च ग्राहकांवर टाकला, असा युरोपीय आयोगाचा आक्षेप होता. 2008 मध्ये कंपनीने तडजोड म्हणून आपले उच्चदाब जाळे विकण्याचे मान्य केले, आणि 2010 मध्ये ते नेदरलँड्सच्या टेनेट या कंपनीने घेतले.  दोष खरेदीत होता, आणि तो संचालनाच्या कामातच घडू शकतो.

अमेरिकेत वाट निराळी पडली. संघीय ऊर्जा आयोगाने 1996 च्या 888 क्रमांकाच्या आदेशाने जाळे सर्वांना सारख्या अटींवर खुले करायला लावले, पण मालकी काढून घेतली नाही. पुढे अनेक भागांत जाळ्याचे संचालन स्वतंत्र संस्थांकडे गेले आणि तारा पूर्वीच्याच कंपन्यांच्या राहिल्या. इंग्लंडने मालकी आधीच वेगळी केली होती, तरी तेथेही 1 ऑक्टोबर 2024 पासून ग्रिड चालवण्याचे आणि नियोजनाचे काम नॅशनल ग्रिडकडून काढून निसो या सार्वजनिक संस्थेला दिले आहे. याचे कारण उघड आहे. नव्या तारा बांधून नफा कमावणाऱ्या कंपनीने कोणत्या नव्या तारा लागतील हेही ठरवावे, हे शेवटी कोणाला पटेना.

भारतात हाच प्रवास तुकड्यातुकड्याने चालू आहे. राष्ट्रीय आणि विभागीय भार प्रेषण केंद्रे चालवणारी पोसोको ही संस्था आधी पॉवरग्रिडची उपकंपनी होती. 2017 मध्ये ती स्वतंत्र सरकारी कंपनी झाली आणि 2022 पासून तिचे नाव ग्रिड कंट्रोलर ऑफ इंडिया असे आहे. नियोजनाचे काम करणारी केंद्रीय पारेषण यंत्रणा 1 एप्रिल 2021 पासून पॉवरग्रिडपासून अलग केली गेली, पण पॉवरग्रिडचीच उपकंपनी म्हणून. नव्या वाहिन्यांची कामे आता स्पर्धात्मक निविदांनी दिली जातात आणि पॉवरग्रिड त्या निविदांत स्वतः उतरते, हे लक्षात घेतले तर उपकंपनी हा मुक्काम आहे, शेवटचे स्थानक नव्हे, असेच म्हणावे लागते. महाराष्ट्राचे राज्य भार प्रेषण केंद्र कळव्याजवळ आहे आणि ते महापारेषणच चालवते. त्याचा खर्चाचा अंदाज आयोग वेगळा मंजूर करतो, ही त्यातल्या त्यात समाधानाची बाब.

परीक्षेसाठी हवे असेल तर एवढे लिहा की 2003 च्या कायद्यानुसार केंद्रीय पारेषण यंत्रणेला निर्मिती आणि व्यापार दोन्ही वर्ज्य आहेत. राज्य पारेषण यंत्रणेबाबत तेच कलम फक्त व्यापाराचे नाव घेते. हा फरक प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांच्या नजरेतूनही सुटतो.

प्रश्न : मुंबईत निर्मिती, पारेषण आणि वितरण एकाच समूहाकडे असल्याचे दिसते. शहरात येणाऱ्या नव्या वाहिन्याही अदानी समूहाच्याच आहेत. मग वेगळे करण्याचा नियम मुंबईला लागू नाही का? आपले मत काय? (सहकारी गृहनिर्माण संस्थेचे सचिव, बोरिवली)

उत्तर : नियम लागू आहे, पण तो नियम मालकीचा नाही. कायदा निर्मिती कंपनीला पारेषणाचा परवाना घेण्यास सरसकट मनाई करत नाही. तो पारेषण परवानाधारकाला विजेच्या व्यापारापासून दूर ठेवतो आणि जाळे इतरांना भेदभावाविना खुले ठेवण्यास सांगतो. टाटांचे खोपोलीचे जलविद्युत केंद्र 1915 पासूनचे आहे, आणि घाटातली वीज शहरात आणायची तर तारही स्वतःच टाकणे त्या काळात भागच होते. अदानी समूहाकडे डहाणूचे 500 मेगावॉटचे केंद्र, उपनगरांतले वितरण आणि पारेषणाचा परवाना, असे तिन्ही आहे. आयोग प्रत्येक कामाचे हिशेब आणि दर वेगवेगळे ठरवतो. राज्यातल्या सर्व पारेषण परवानाधारकांचा मंजूर खर्च एकत्र करून तो वितरण कंपन्यांमध्ये वाटला जातो, त्यामुळे आपली तार वापरणाऱ्याकडून मनाजोगा आकार घेण्याची मुभा कोणालाच नाही.

तरीही मुंबईचा प्रश्न या रचनेत नीट बसत नाही, आणि त्याचे कारण भूगोल आहे. तीन बाजूंनी पाणी, उत्तरेला जंगल, मध्ये दाट वस्ती. शहरात शिरणाऱ्या वाहिन्यांसाठी जागाच मिळत नाही. बाहेरून स्वस्त वीज घेता येत असली तरी ती आत आणायला वाट पुरत नाही, आणि मग शहरातली केंद्रे महाग असली तरी चालवावी किंवा सज्ज ठेवावी लागतात. वर सोलापूरच्या उत्तरात म्हटलेली टंचाईची कमाई येथे एक्स्चेंजच्या भावात दिसत नाही. आयोगाने मान्य केलेल्या खर्चात ती मुरून जाते, त्यामुळे तिच्यावर बोट ठेवणे आणखी अवघड होते. 12 ऑक्टोबर 2020 रोजी सकाळी कळवा-पडघे भागातल्या 400 केव्ही वाहिन्यांवर बिघाड होऊन मुंबई अंधारात गेली, आणि संकटात शहराला मुख्य ग्रिडपासून तोडून स्थानिक केंद्रांवर जगवण्याची 1981 पासूनची योजनाही त्या दिवशी तग धरू शकली नाही. त्यानंतर वाहिन्यांच्या कामाला वेग आला. खारघर–विक्रोळी ही 400 केव्हीची वाहिनी 2023 मध्ये सुरू झाली, आणि कुडूसहून आरेपर्यंत 1000 मेगावॉटची एकदिश प्रवाहाची वाहिनी हाती घेतली गेली.

या दोन्ही वाहिन्या अदानी समूहाच्याच आहेत, हे आपण पत्रात नमूद केले आहे आणि ते खरे आहे. माझे मत विचारले आहे म्हणून सांगतो. त्या समूहाकडे शहरातली निर्मिती थोडी आणि ग्राहक पुष्कळ आहेत; स्वस्त वीज आत यावी यातच त्याचे हित आहे, म्हणून येथे मालकीची मला विशेष धास्ती वाटत नाही. ज्याच्याकडे निर्मिती जास्त आणि ग्राहक कमी, त्याच्या हाती हेच काम असते तर उत्तर वेगळे दिले असते.

प्रश्न : मी कॅलिफोर्नियात राहतो. येथे पारेषणाचे संचालन वेगळे केल्यानंतरच 2000-01 चे वीजसंकट आले. मग वेगळे करून उपयोग काय झाला? (संगणक अभियंता, सॅन होजे; मूळचे रत्नागिरीचे)

उत्तर : 1996 च्या कायद्याने आपल्या राज्यात जाळ्याचे संचालन एका स्वतंत्र संस्थेला आणि लिलाव वीज एक्स्चेंजला दिले गेले, दोन्ही 1998 मध्ये सुरू झाले. संचालन वेगळे केल्याने संकट आले असे मात्र म्हणता येत नाही. मोठ्या वितरण कंपन्यांना आपली बरीच केंद्रे विकून रोजच्या बाजारातूनच वीज घ्यावी लागत होती, दीर्घ मुदतीचे करार करण्याची मोकळीक जवळपास नव्हती, आणि ग्राहकांचे दर गोठवलेले होते. वायव्येकडच्या राज्यांत पाऊस कमी पडल्याने जलविद्युत आटली, घाऊक भाव भडकले, आणि गोठलेल्या दरांमुळे मागणी काही घटली नाही. सॅन दिएगोत दर आधीच मोकळे झाले होते. तेथे 2000 च्या उन्हाळ्यात बिले दुपटीच्याही वर गेली. पीजी अँड ई ही वितरण कंपनी एप्रिल 2001 मध्ये दिवाळखोरीच्या अर्जापर्यंत पोहोचली.

तारेचा भाग यात होताच. राज्याच्या उत्तर आणि दक्षिण भागांना जोडणारा पाथ 15 हा वाहिन्यांचा पट्टा अपुरा होता, आणि 17 व 18 जानेवारी 2001 रोजी उत्तरेत आळीपाळीने भारनियमन करावे लागले ते बरेचसे त्यामुळेच. तो पट्टा पुढे 2004 मध्ये रुंदावला गेला. त्या टंचाईवर एन्रॉनने जे डाव टाकले त्यांतील एकाचे आतल्या गोटातले नाव ‘डेथ स्टार’ होते. कोंडी हलकी होईल अशा दिशेने वीज पाठवल्याचे वेळापत्रक ग्रिडचालकाला द्यायचे, तीच वीज त्याच्या अखत्यारीबाहेरच्या वाहिन्यांवरून फिरवून मूळ जागी आणल्याचे दाखवायचे, आणि एकही जादा युनिट न देता कोंडी कमी केल्याचा मोबदला घ्यायचा. एन्रॉनकडे या तारांची मालकी नव्हती, हे लक्षात घ्या. संचालक तटस्थ होता, पण त्याची नजर फक्त आपल्या अखत्यारीतल्या तारांवर होती.

आपण रत्नागिरीचे आहात, म्हणून एक गोष्ट ओघात सांगतो. ज्या सुमारास एन्रॉन कॅलिफोर्नियात रोजच्या भावावर खेळत होती, त्याच सुमारास दाभोळचा तिचा प्रकल्प 2001 च्या मध्यावर बंद पडला. महाराष्ट्राच्या वीज मंडळाने घेतो म्हणून बांधून घेतलेली वीज त्याला परवडेनाशी झाली होती. तेथे करार करता येत नव्हता म्हणून दिवाळे निघाले आणि येथे करार केल्यामुळे.

प्रश्न : सौर प्रकल्पातून थेट वीज घ्यायची आहे. पारेषण खुले आहे म्हणता, मग परवानगीसाठी खेटे का घालावे लागतात? (लघुउद्योजक, अंबड औद्योगिक वसाहत, नाशिक)

उत्तर : कारण आपली अडचण बहुधा उच्चदाब वाहिनीवर नाही, तिच्या पुढच्या टप्प्यात आहे. 2003 च्या कायद्याने 1 मेगावॉटपेक्षा मोठ्या ग्राहकांना मुक्त प्रवेश (हव्या त्या विक्रेत्याकडून वीज घेण्याची मुभा) दिला, आणि हरित विजेसाठी 2022 च्या केंद्रीय नियमांनी ही मर्यादा 100 किलोवॉटवर आणली. पण आपल्या कारखान्यापर्यंतची वितरण वाहिनी ज्याची, तोच आपला सध्याचा विक्रेताही आहे. ग्राहक गेला की त्याचे उत्पन्न जाते, आणि त्या बदल्यात क्रॉस सबसिडी अधिभार (इतर ग्राहकांच्या सवलतीची भरपाई), वहन आकार व इतर रकमा आपल्याकडून घेतल्या जातात. पारेषणाची तार आणि विजेचा व्यापार यांच्यात कायद्याने जी रेघ ओढली, ती वितरणाची तार आणि विजेची विक्री यांच्यात ओढलेली नाही. तशी तरतूद असलेले दुरुस्ती विधेयक डिसेंबर 2014 मध्ये लोकसभेत मांडले गेले होते. सभागृहाची मुदत संपल्याने 2019 मध्ये ते रद्दबातल ठरले. अर्ज करताना प्रकल्पाकडील आणि आपल्याकडील दोन्ही मीटर पंधरा मिनिटांच्या नोंदीचे आहेत ना, हे आधी पाहून घ्या. मीटर तसे नसतील तर हिशेबच मांडता येत नाही आणि अर्ज तेवढ्यावरूनच परत येऊ शकतो.